शेवंती छाप कुंकू

कुंकू करणारी बाई स्वतः विधवा असली तर चालतं का, यावर आमच्या बोरिवलीत जेवढी चर्चा झाली, तेवढी पाण्यावर झाली असती तर आम्हाला नळ कितीतरी आधी मिळाले असते. मी त्या चर्चेच्या अगदी मधोमध राहत होते. आमच्या आणि शेवंती परबच्या घरामध्ये एक विहीर होती, आणि विहिरीवर जे बोललं जायचं ते दोन्ही घरांना ऐकू यायचं. तेव्हा मी जे सांगतेय ते ऐकीव नाही.

बोरिवली त्या वेळी अजून मुंबईत गेली नव्हती. वाड्या होत्या, भाताची खाचरं होती, आणि माझा नवरा मधुकर याच्यासारखे फोर्टातल्या कचेऱ्यांत जाणारे कारकून होते. परब कुटुंब मूळचं सावंतवाडीकडचं. दत्ताराम परब परळच्या गिरणीत साच्यावर होता. कापसाच्या धुळीने खोकला लागला तसा त्याने नोकरीला रामराम ठोकला आणि बायको, आई यांना घेऊन इथे आला. बायकोच्या हातात एक कला होती, तिच्यावर त्याने सगळा डाव लावला. शेवंतीची आई माहेरी कुंकू करायची, ते शेवंतीला येत होतं. हळकुंडं लिंबाच्या रसात आणि टाकणखारात मुरवायची, ती लालबुंद झाली की सावलीत वाळवायची, मग जात्यावर दळून वस्त्रगाळ करायची. हे ती करायची आणि दत्ताराम सायकलवर पेटी बांधून दहिसरपासून अंधेरीपर्यंत विकत फिरायचा.

पुठ्ठ्याच्या गोल डब्या आल्या, मग डबीवर छाप हवा म्हणून दत्तारामने गोरेगावच्या स्टुडिओत पडदे रंगवणाऱ्या एका पेंटरला गाठलं. त्याने शेवंतीचं फूल काढलं आणि फुलाच्या मधोमध शेवंतीचा चेहरा. कपाळावर आठ आण्याएवढं कुंकू. चित्र हुबेहूब होतं, अगदी तिच्या डाव्या भुवईतला वण सुद्धा त्या माणसाने सोडला नव्हता. शेवंती चार दिवस नवऱ्याशी बोलली नाही. "माझं थोबाड गावभर वाटतोस होय रे?" असं ती म्हणे. पण मनातून खूश होती, ते कुणालाही दिसत होतं.

आता तिची कामाची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळेच घडलं. नवा घाणा तयार झाला की शेवंती त्यातलं कुंकू मेणावर स्वतःच्या कपाळाला लावायची आणि दिवसभराच्या कामाला लागायची. विहिरीवर पाणी शेंदायचं, चुलीपुढे बसायचं, उन्हात हळकुंडं बघायची, बाजार करायचा. दिवेलागणीला ती आमच्या ओट्यावर येऊन आरसा मागायची. कुंकू ओघळलं असेल, काळवंडलं असेल, खाज आली असेल तर तो सगळा घाणा मोरीत. दत्ताराम गिऱ्हाइकाला हेच सांगायचा: "माझ्या बायकोच्या कपाळावर टिकलं, मगच तुमच्या दारात आलं." दुसरी जाहिरात त्याने कधी केली नाही आणि त्याला ती लागलीही नाही.

मग फॅशन बदलली. फॅशन बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. पोरींना मेणाचं बोट नको झालं. मेण चिकट, कुंकू नाकावर सांडतं, पावडरीवर लाल भुकटी दिसते. त्यांना हवी होती बाटलीतली टिकली. छोटीशी काचेची बाटली, बुचाला आतून काडी, आरशासमोर उभं राहून एक नेटका ठिपका काढला की झालं. तोही लाल नको. मरून हवा, साडी निळी तर निळासुद्धा चालेल. गोरेगावला शूटिंग बघून आलेल्या मुली नट्यांच्या कपाळांचं वर्णन तासन्‌तास करायच्या. ज्या घरात महिन्याला दोन डब्या जायच्या तिथे सहा महिन्यांत एक जाईना. दुकानदार डब्या परत करू लागले. परबांच्या माजघरात परत आलेल्या डब्यांची चळत माळ्यापर्यंत पोचली आणि एका चेहऱ्याचे शंभर चेहरे त्या अंधारातून बघत बसले.

त्यातच त्रेपन्नच्या पावसाळ्यात दत्ताराम तापाने गेला. दिवसपाणी झालं, बायकांनी येऊन शेवंतीचं कपाळ पुसलं, बांगड्या उतरवल्या. मी तिथे होते. ज्या हातांनी तिचं कुंकू वर्षानुवर्षं विकत घेतलं, त्याच हातांनी पुसलं, आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. मला अजूनही ते आठवलं की संताप येतो.

घरात आता दोघीच, शेवंती आणि तिची सासू जानकी. दोघीही विधवा. जानकीचा नवरा ती पंचविशीत असताना होडीतून पडून बुडाला होता. तिने त्यानंतर कपाळाला बोट लावलं नव्हतं आणि सुनेनंही लावू नये एवढंच तिचं मागणं होतं. शेवंतीनेही ते मानलं. पण पोट कुणाचं ऐकत नाही. तिने जातं थांबवलं नाही. सुकं कुंकू अजून देवांना, म्हाताऱ्यांना लागायचं. ते ती करी, आणि बाजारातला मार्तंडशेट ते घेई.

मार्तंडशेटचं स्टेशनजवळ सौभाग्य वस्तूंचं मोठं दुकान होतं. बांगड्या, गजरे, स्नो, पावडर, पूजेचं सामान. दुकानाच्या दारावर शेवंती छापची पत्र्याची पाटी दत्तारामच्या वेळेपासून ठोकलेली. मार्तंडशेट वाईट माणूस नव्हता. तो नुसता दुकानदार होता. त्याने शेवंतीला एकच अट घातली: "वहिनी, माल पाठवत जा. पण स्वतः यायचं झालं तर मागच्या दाराने. गिऱ्हाइकं सवाष्णी असतात, समजून घे." तिने समजून घेतलं. तेव्हा घेतलं.

बाटलीचं कुंकू केल्याशिवाय धंदा उभा राहणार नाही हे तिला कळत होतं. पण करायचं कसं? बाकीचे लोक त्यात स्पिरिट घालत, म्हणजे ते पटकन वाळे. दारूबंदीच्या दिवसांत एका विधवेच्या घरी स्पिरिटचा कॅन सापडला असता तर पोलिसांनी कुंकवाची गोष्ट ऐकूनही घेतली नसती. तिने डिंकाचं पाणी घेतलं, ग्लिसरीन घेतलं, मशीदबंदरहून रंग आणला. रंगवाल्याने शपथ घेऊन सांगितलं की हा मिठाईत घालतात. घाटून घाटून तिने अशी काही झळाळी आणली की मी बाटली उजेडात धरून बघतच राहिले. झकास रंग होता. होते नव्हते ते सोन्याचे दोन डाग मोडून तिने बाटल्या भरल्या आणि त्यांच्यावर तोच छाप चिकटवला, तोच चेहरा.

"तपासलंस ना?" मी विचारलं.

तिने मनगट पुढे केलं. आतल्या बाजूला चार-पाच लाल ठिपके होते. "आठवडाभर लावतेय. काही झालं नाही."

मी मान डोलावली. कपाळ तिला बंद होतं, म्हणून तिने मनगट वापरलं. यात कुणाला काही चुकीचं दिसलं नाही, तिलाही नाही, मलाही नाही.

पंचावन्नच्या संक्रांतीला मार्तंडशेटने झाडून सगळ्या बाटल्या उचलल्या. वाणाला द्यायला याहून चांगली वस्तू कुठली? सवाष्णींना लुटायला कुंकवाची बाटली, तीही नव्या फॅशनची. त्या साली बोरिवलीत बहुतेक घरी हेच वाण होतं. थंडीचे दिवस, पण आमच्याकडची थंडी ती कितीशी. जरीच्या साड्या नेसून, दुपारपासून या घरून त्या घरी, खोलीत वीस-वीस बायका कोंबलेल्या, कपाळाला घामाच्या धारा. मीही त्यांतच. प्रत्येकीने मिळालेली बाटली हौसेने तिथेच उघडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं कपाळ पेटलं होतं. टिकली पुसली तर खाली तेवढाच गोल चट्टा, लाल, सुजलेला. विहिरीवर गेले तर तिथे सगळ्याच जणी कपाळाला खोबरेल चोपडून उभ्या. रथसप्तमीपर्यंत ज्यांनी ज्यांनी ती बाटली वापरली त्यांची तीच गत झाली. आणि कारण शोधायला कुणाला पळभरही वेळ लागला नाही.

"विधवेच्या हातचं कुंकू. दुसरं काय होणार?"

गंमत बघा. दत्ताराम गेल्यावर दीड वर्ष त्याच हातचं सुकं कुंकू याच बायका लावत होत्या. तेव्हा कुणाचं कपाळ पेटलं नाही, कुणाचा नवराही मेला नाही. पण ते आठवण करून द्यायला गेले तर माझ्या सासूबाईंनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी भाजी चिरायला बसले.

मार्तंडशेटने उरलेल्या बाटल्या खोक्यांत भरून हातगाडीवरून परत पाठवल्या आणि मागून स्वतः आला. तो ओट्यावर बसला, जानकीने पाणी दिलं. मी विहिरीवर होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"वहिनी, धंद्याची वाट लागली हे तुला मी सांगायला नको. बाटलीवाला उधारीला थांबणार नाही, छापखानेवाला थांबणार नाही. मी एक तोड काढलीय. घाटकोपरला माझ्या ओळखीचा कारखाना आहे, तिथून माल भरून घेतो. नाव तेवढं माझ्याकडे दे. चैत्रगौरीची हळदीकुंकवं येतायत, तोवर लोक विसरतील. छाप तुझाच राहील, चेहरा तुझाच राहील. महिन्याला काहीतरी पाठवत जाईन. तू फक्त घरी बस. बाजारात, दुकानात दिसू नकोस."

"चेहरा बाटलीवर चालतो," शेवंती म्हणाली, "आणि मानेवर चालत नाही?"

मार्तंडशेट हसला. त्याला वाटलं ती थट्टा करतेय. "पाडव्यापर्यंत विचार कर," असं म्हणून तो गेला. जानकी म्हणाली, "दी गो तेका. दोन घास सुखान खावया."

संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर आली. पूर्वी आरसा मागायला यायची तशी. तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि तो चट्टा बोटाने चाचपला. कडेला कमी होता, भुवईकडच्या बाजूला जास्त. घाम ओघळून जिथे साचतो तिथे. मग तिने स्वतःचं मनगट उलटं करून बघितलं. गोरं, कोरडं, स्वच्छ.

"मनगटाला घाम कुठे येतो गं," ती म्हणाली. "मनगटावर ऊन पण पडत नाही. सगळ्या बायका कपाळाला लावणार आणि मी तपासलं कुठे? मनगटावर. जयंती, मी मूर्ख आहे. माझं कपाळ पुसलं तेव्हा माझं हत्यार काढून घेतलं त्यांनी, आणि मी बघत बसले."

"मग आता?"

"आता काय. परत घेते."

ती उठली, घरी गेली. आरसा तिने मागितलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंती विहिरीवर आली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होतं. तेच, बाटलीतलं, आठ आण्याएवढं. ती नेहमीसारखा पोहरा सोडत होती. विहिरीवर चार बायका होत्या, एकीच्या हातून कळशी सुटून खाली गेली. मग घरातून जानकी आली आणि तिने ते कपाळ बघितलं.

"शेवंते," म्हातारी म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "माझो झील जावन दोन वर्सां नाय झाली. आणि तू कपाळाक कुंकू लावतंस?"

"आये, ह्यां कुंकू नाय. ह्यो माल आसा. तपासल्याशिवाय कसो विकू?"

"हातार तपास."

"हातार तपासलंय. काय झालां ता बघलंस ना?"

जानकी वळून आत गेली. त्या दिवसापासून ती सुनेशी बोलायची बंद झाली. दोन वेळचं रांधून ताट पुढे सरकवायची, पण नजर वर न करता.

दुपारपर्यंत शेवंतीचं कपाळ आमच्यासारखंच पेटलं. तिने पुसलं, खोबरेल लावलं, आणि चट्टा उतरताच दुसरं मिश्रण लावलं. रंग कमी करून बघितला, मग डिंक बदलून. पुन्हा चट्टा. आणि दर वेळी ती घरात दडून बसली नाही. तिची रीतच ती होती, दिवसभराची सगळी कामं त्या कपाळाने करायची. कुंकू लावून ती मासळीबाजारात गेली, पिठाच्या गिरणीत गेली, पोस्टात गेली. बोरिवलीला मजाच मजा. एकीने ठरवलं की शेवंतीने त्या स्टुडिओतल्या पेंटरशी लग्न लावलं. दुसरीने पेंटरचं आडनावही सांगितलं. पोस्टातल्या कारकुनाने मनीऑर्डरच्या खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "काय बाई, लग्नबिग्न?"

"नाही," शेवंती म्हणाली. "कामावर आहे."

हे उत्तर मग तिने सगळ्यांनाच दिलं. भजनी मंडळाच्या बायकांनी वाट अडवली, त्यांनाही. तिने भांडण केलं नाही, डोळे खाली घातले नाहीत, आणि रस्ता बदलला नाही. मला तिची भीती वाटायची आणि अभिमानही वाटायचा. माझ्या सासूबाई म्हणाल्या, तिच्याशी बोलणं बंद कर. मी म्हटलं, विहीर एक आहे, कसं बंद करू? त्यांना विहिरीचं कारण पटलं, म्हणून ते एवढ्यावर निभावलं.

रंगवाल्याचा रंग तिने शेवटी टाकूनच दिला. मिठाईत तो घालत असेल तर देव त्या मिठाई खाणाऱ्यांचं रक्षण करो. मग तिला उत्तर सापडलं ते माजघरात. परत आलेल्या डब्यांतलं जुनं कुंकू तिने काढलं, पुन्हा पुन्हा दळलं, मलमलीतून चाळलं, इतकं की बोटांमध्ये त्याचा कण लागत नव्हता. तेच डिंकात आणि ग्लिसरीनमध्ये घोटलं. रंग नट्यांच्या टिकलीसारखा झळझळीत नव्हता. पण चैत्राच्या उन्हात, चुलीपुढे, बाजारात, दिवसभर ते तिच्या कपाळावर राहिलं, आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर खोबरेल लावून पुसलं तेव्हा खालची कातडी नितळ होती. तिने आरसा माझ्या हातात परत दिला. तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले.

पाडवा होऊन गेला होता. भर दुपारी ती निघाली, कपाळावर ताजं कुंकू, हातात पिशवी. मी छत्री घेऊन मागे गेले. छत्री तिने घेतली नाही, कपाळाला ऊन लागू दे म्हणाली. मार्तंडशेटचं दुकान चैत्रगौरीच्या खरेदीने भरलेलं. ती पुढच्या दाराने आत शिरली, आणि बायका आपोआप बाजूला झाल्या.

मार्तंडशेट गल्ल्यावरून अर्धा उठला. "बाई, मागच्या दाराने यायचं ठरलं होतं."

"मागच्या दाराने आलेल्या मालाने तुमची गिऱ्हाइकं भाजली, शेट. हा पुढच्या दाराने आणलाय." तिने बाटली गल्ल्यावर ठेवली. मग पदराने कपाळ खसकन पुसलं. पदराला घाम लागला, कुंकू जागच्या जागी. "सकाळपासून लावलंय. हात लावून बघा कुणीही."

कुणी हात लावला नाही. पण बघत सगळ्या होत्या.

मार्तंडशेट खाली बसला. तो रागावला नव्हता, खरंच दुखावला होता. आपण हिला एवढी तोड काढून दिली आणि ही अशी. त्याने हळूच विचारलं, "दत्ताराम माझा दोस्त होता. मला एवढंच सांग, हे कुंकू तू कुणाच्या नावाने लावलंस?"

"ज्या नावाने तुम्ही विकता," शेवंती म्हणाली. "शेवंती छाप."

दुकानात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मार्तंडशेट म्हणाला, "हे माझ्या दुकानात चालायचं नाही."

"मग माझा चेहरा पण चालायचा नाही." तिने दाराशी जाऊन पत्र्याच्या पाटीला हात घातला. खिळे गंजलेले होते. तिने ओढली, मी ओढली, एक कोपरा तिथेच राहिला, बाकीची पाटी हातात आली. तिच्या तळहाताला कापलं. कपाळ मात्र नितळ होतं.

ती घरी गेली नाही. समोर मासळीबाजाराच्या भिंतीला तिने पाटी टेकवली आणि तिच्यापुढे पिशवी उघडून बसली. मागे पत्र्यावर एक शेवंती, पुढे जमिनीवर दुसरी, दोघींच्या भुवईत तोच वण. त्या दिवशी एकही बाटली गेली नाही. दुसऱ्या दिवशी एक मी घेतली, पण मला गिऱ्हाईक धरायचं नाही. तिसरी की चौथी बाटली गोराईकडून होडीने येणाऱ्या एका कोळणीने घेतली. ती म्हणाली, माझं डोकं दिवसभर उन्हात, टिकेल का? शेवंती म्हणाली, "लावून बस. संध्याकाळी टिकलं तर पैसे दे." संध्याकाळी कोळणीने पैसे दिले आणि तिच्या रांगेत मासळी विकणाऱ्या बाकीच्या बायकांना घेऊन आली. कोळणींच्या कपाळावर मासळी विकताना जे टिकतं, ते हळदीकुंकवात टिकणारच. एवढा हिशेब आमच्या भजनी मंडळालाही जमला. उघडपणे कुणी मागितलं नाही. पोरांना पाठवून मागवलं.

पुढे धंदा फार मोठा झाला असं काही नाही. बाटलीवाल्याचं फिटलं, छापखानेवाल्याचं फिटलं, दोघींना पोटभर मिळालं. मोठ्या कंपन्या आल्या, मग चिकटवायच्या टिकल्या आल्या, आणि शेवंतीने एक दिवस आपणहून जातं थांबवलं. नाव तिने कुणाला विकलं नाही. ती गेल्यावर ते तिच्याबरोबर गेलं.

पण मला ही सगळी गोष्ट आठवते ती त्या वैशाखातल्या एका सकाळमुळे. आदल्या दिवशी एक म्हातारी सवाष्ण बाटली परत घेऊन आली होती. कुंकू चांगलं आहे, पण माझ्या सुरकुत्यांतून पाझरतं, असं तिचं म्हणणं. शेवंती रात्री चुलीपुढे तेच पुटपुटत होती. डिंक घट्ट करायला हवा, पण किती ते कसं कळणार? तिच्या कपाळाला सुरकुती नाही, माझ्या नाही. बोलत होती ती स्वतःशीच, कारण घरातलं दुसरं माणूस तिच्याशी बोलत नव्हतं.

सकाळी मी पाण्याला गेले. शेवंती ओट्यावर घट्ट डिंकाचं मिश्रण घोटत बसली होती. आतून जानकी आली, तिच्यासमोर खाली बसली, आणि डोक्यावरचा पदर मागे सारला. कपाळ सुरकुत्यांनी भरलेलं, चाळीस वर्षं कोरं.

"माझ्या कपाळार लाव," म्हातारी म्हणाली.

शेवंतीचा हात थांबला. "आये, नको."

"तुझ्या कपाळार सुरकुती खंय आसा? लाव मरे. मोठां लाव."

शेवंतीने लावलं. सुरकुत्यांवरून बोट घसरलं, त्यामुळे ते जरा वाकडं झालं. जानकीने पुसू दिलं नाही. ती उठली, पायऱ्या उतरली, आणि जिथे कोवळं ऊन पडलं होतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशा ठिकाणी पाटावर बसली. थोड्याच वेळात भजनी मंडळातली एक जण देवळाकडे जाताना तिथे थबकली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"काय गो, काय बघतंस?" जानकी म्हणाली. "मी कामार आसंय."